मडमसाहेबांचा गोठा

कचेरीत किस्से कोणी मुद्दाम करत नाही. ते दाराआडच्या छत्र्यांसारखे जमतात. बेळगावचा पाऊस सकाळी माणसाला भिजवतो आणि पाच वाजता उघडीप देतो. माणूस छत्री विसरून घरी जातो. दसऱ्याला झाडलोट करताना दार ओढावं, तर मागं पंधरा-वीस छत्र्या! कोणती कोणाची, हे कोणी सांगू शकत नाही. पण काडी मोडलेली कोणती आणि मूठ गेलेली कोणती, हे सगळ्यांना पाठ. नोकरी संपवून मी घरी बसलो तेव्हा माझ्याकडे अशा पुष्कळ छत्र्या निघाल्या. संध्याकाळी मंडळी जमली की एखादी उघडून दाखवतो. आज डिसेंबरातल्या दाखवतो.

आमची कचेरी बेळगावच्या कॅम्पात. काळ दुसऱ्या लढाईच्या आधीचा. वर एक गोरा साहेब. त्याच्या खाली हेडक्लार्क दत्तोपंत. त्यांच्या खाली आम्ही तीन कारकून. त्यांतला जावक बारनिशीचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांवर नंबर घालणारा, तो मी. आणि सगळ्यांच्या खाली शिपाई यल्लाप्पा.

यल्लाप्पा येळ्ळूरचा. तिशीला टेकलेला, अंगानं दणकट, आणि सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा जास्त करणारा. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा. त्याची नोकरी हंगामी. साहेबाच्या बंगल्यातला नाताळचा पसारा सहा जानेवारीला आवरत. त्या संध्याकाळी दर वर्षी यल्लाप्पाची नेमणूक संपे. मग दत्तोपंत अर्ज लिहीत, पंधरा दिवसांनी तो पुन्हा वर्षभरासाठी लागे. अशी सहा वर्षं गेली. कंग्राळीला त्याची सोयरीक ठरत आली होती. पण मुलीचा बाप एका जागी अडून बसला होता.

"जावई कायम झाला की अक्षता. हंगामी माणसाला पोरगी काय हंगामी द्यायची?"

*

साहेबाचा धर्म एकच: घड्याळ. उशिरा येणारा त्याला खपत नसे, यात नवल नाही. लवकर येणाराही खपत नसे!

नाताळाला कॅम्पात 'बडा दिन' म्हणत. त्या सकाळी ठेकेदार, दुकानदार, कचेरीतले लोक, सगळे साहेबाला डाली घेऊन जात. डाली म्हणजे सजवलेली परडी. एका वर्षी एका नव्या ठेकेदाराला आठची वेळ दिली होती. बिचारा पावणेआठलाच हजर! हातात परडी, गळ्यात मफलर, दाताला दात वाजताहेत. साहेब समोरच व्हरांड्यात चहा पीत बसलेला. दोघांत अंतर चार हातांचं. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि वर्तमानपत्र वाचायला घेतलं.

ठेकेदार खाकरला. साहेबानं पान उलटलं.

आठचा ठोका पडला. साहेबानं पेपर खाली ठेवला, उठून हात पुढं केला आणि मोठ्या आनंदानं म्हणाला, "अरे वा! केव्हा आलात?"

*

डालीत फळं आणि फुलं, एवढंच साहेब स्वीकारी. मिठाई परत. नियम म्हणजे नियम.

दत्तोपंतांना हे पसंत नव्हतं. कचेरीची डाली म्हणून साहेबाला दर वर्षी पेरू द्यायचे, यात त्यांना बेळगावचा अपमान वाटे. "गावात असा खवा मिळतो आणि आपण काय पेरू देत बसायचं?" असं ते चार वर्षं म्हणत होते. पाचव्या वर्षी त्यांनी हलवायाला गाठलं.

बड्या दिनाच्या सकाळी आमच्या परडीत डझनभर पेरू होते. पिवळसर हिरवे, एकाला तर खरा देठ आणि दोन पानं. साहेबानं एक उचलला, चावला, डोळे बारीक केले. दुसऱ्यांदा चावला.

"याला बी नाही."

"नाही, सर," दत्तोपंत म्हणाले. "ही खास बेळगावची जात आहे."

साहेबानं परडी आत पाठवली आणि नियमाप्रमाणे फळं मिळाल्याची पोच लिहून दिली.

*

विलायतेत नाताळाला म्हणे सूचिपर्णी झाड घरात उभं करतात. बेळगावात त्याचं काम सुरूच्या झाडावर भागवत. पण कॅम्पातलं झाड तोडायचं तर आमच्याच कचेरीची परवानगी लागे, आणि परवानगीवर सही साहेबाची.

साहेबानं साहेबाला अर्ज केला. मी त्यावर नंबर घातला. अर्ज दत्तोपंतांकडून साहेबाच्या टेबलावर गेला आणि दुपारी शेरा होऊन परत आला: 'झाडाची उंची नमूद नाही. अर्ज नामंजूर.'

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हा कागद बंगल्यावर कोणी न्यायचा? यल्लाप्पा घेऊन गेला. परत आल्यावर आम्ही त्याला घेरलं. "साहेब काय म्हणाला?"

"वाचलं. मग म्हणालं, कारकून लोक लई अडवणूक करत्यात!"

*

आता ज्या वर्षाचं सांगायचं आहे त्या वर्षाकडं येतो.

साहेबाची बायको, म्हणजे मडमसाहेब. स्वभावानं चांगली बाई. नोव्हेंबर संपत आला की तिच्या मागच्या व्हरांड्यात एक भलं मोठं पातेलं मांडलं जाई. त्यात मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, अंडी, चरबी आणि ब्रँडी. हे पुडिंग. रीत अशी, की घरातल्या प्रत्येकानं ते एकेकदा ढवळायचं, डोळे मिटून, मनात एक इच्छा धरून. मडमसाहेब घरात कचेरीही धरत असे. त्यामुळं आम्ही सगळे रांगेत.

दत्तोपंत सोवळ्याचे. ते उलथन्याचं शेवटचं टोक उपरण्यात धरून, श्वास रोखून, हातभर लांबून ढवळत. बंगल्याचा खानसामा इनास गोव्याचा. तो शेजारी उभा राहून मजा बघे.

"पंत, नुसत्या वासानं काय बाटत नाही हो माणूस!"

"वासाची भीती नाही रे," दत्तोपंत नाक दाबून म्हणाले. "आवडेल याची आहे."

मग यल्लाप्पाची पाळी आली. त्यानं उलथनं दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक घालावी तसा ओरडला, "देवा, औंदा मला कायम कर!"

छपरावरची कबुतरं उडाली. मडमसाहेब हसून म्हणाली, "अरे, मनात म्हणायचं! मोठ्यानं म्हटलं की पुरी होत नाही."

दत्तोपंतांनी त्याला मराठीत सांगितलं. यल्लाप्पाला पटलं नाही. "मनात कसं म्हणायचं, अण्णा? त्यो देव इलायतेत. हितनं हळू बोलून तितं ऐकू जाईल व्हय?"

कोपऱ्यात साहेब वर्तमानपत्र वाचत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ऐकू आलं."

*

मडमसाहेबाकडे एक गोठा होता. म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा: बाळ, त्याची आई मेरी, बाप जोसेफ सुतार, भेटीला आलेले तीन राजे, एक मेंढपाळ, एक गाय आणि एक गाढव. वीत-वीतभर उंचीची प्लास्टरची रंगीत चित्रं, म्हणजे मूर्ती. तिच्या आईनं विलायतेहून पाठवलेली. वर्षभर ती भुसा भरलेल्या पेटीत, आणि पेटी कचेरीच्या गोदामात. चोवीस तारखेला दुपारी तीन वाजता कॅम्पातली मुलं गोठा बघायला येत.

पंधरा तारखेला मडमसाहेबानं यल्लाप्पाला किल्ली दिली आणि मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाली, "सगळे साफ करून ठेव."

तिच्या मनात होतं, फडक्यानं धूळ झटकावी. यल्लाप्पाच्या मनात येळ्ळूर होतं. दसऱ्याच्या आधी त्याची आई देव्हाऱ्यातले देव चिंचेच्या पाण्यात भिजत घाली आणि राखेनं घासून लखलखीत करी. सणाला देव बसवायचे आणि नुसते फडक्यानं पुसायचे? यल्लाप्पानं घंगाळ भरलं.

चार वाजता तो दत्तोपंतांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला.

"अण्णा, जरा मागं येता काय?"

"का रे?"

"देव लई उजाळल्यात."

आम्ही मागं गेलो. पोत्यावर आठ चित्रं ओळीनं वाळत घातली होती. पिठासारखी पांढरी. रंग नाही, डोळे नाहीत, नाकं नाहीत. राजा कोणता आणि मेंढपाळ कोणता, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. गाढवाचे कान विरघळून त्याची मेंढी झाली होती.

"बाळ कुठाय?" दत्तोपंतांनी खोल आवाजात विचारलं.

यल्लाप्पानं मूठ उघडली. आत खडूचा तुकडा असावा तसं काहीतरी होतं.

"चिंच किती घातलीस?"

"अर्धा शेर. लांबनं आल्यात, मळ जास्त आसंल म्हणून."

दत्तोपंत पोत्याशेजारीच बसले. "अरे, साहेब म्हणाले होते, या खेपेला तुझ्या कायमपणाचा विचार करतो. सहा तारखेला तुझा कागद त्यांच्यापुढं ठेवायचा आहे. आणि तू त्यांच्या सासूबाईंचे देव धुतलेस!"

*

दत्तोपंतांनी ठरवलं: मडमसाहेबाला खरं सांगायचं, पण आधी दुसरा गोठा उभा करायचा. दिवस उरले होते आठ. त्यांच्या घरचा गणपती तीन पिढ्या ज्या कुंभाराकडून येई, तो बाबाजी आप्पा वडगावकडं राहायचा. सकाळी आम्ही तिघं टांग्यानं गेलो.

आप्पा संक्रांतीची सुगडं करत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देतो की. खरं, पाट आणलायसा?"

आमच्याकडं रीत अशी, की गणपती सांगायला जाताना गिऱ्हाइकानं आपल्या घरचा पाट न्यायचा. मूर्ती त्यावरच बसते आणि त्यावरच घरी येते. पाटाशिवाय आप्पा मातीला हात लावणार नव्हता. नऊ मूर्ती मावतील असा पाट मडमसाहेबाच्या बंगल्यात कुठून असणार? यल्लाप्पा टांगा घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. डोक्यावर माझ्या टेबलाची फळी! त्या दिवसापासून मी जावक पत्रं मांडीवर ठेवून त्यांवर नंबर घातले.

देखावा कसा असतो हे दाखवायला दत्तोपंतांनी साहेबाच्या टपालातलं एक नाताळचं कार्ड आणलं होतं. आप्पानं ते उजेडाकडं धरलं.

"बाळंतीण हितं गोठ्यात कशी?"

"परगावी गेली होती. धर्मशाळेत जागा मिळाली नाही."

"आणि हे फेटंवालं?"

"ते राजे. बाळाला बघायला आलेत."

"राजं वळखीचं आसून धर्मशाळंत जागा मिळंना? लई गर्दी म्हणायची!" आप्पानं कार्ड जवळ धरलं. "ह्यो दाढीवाला कोण?"

"बाळाचा बाप. सुतार."

आप्पानं गवतातल्या बाळावर बोट ठेवलं. मग कार्ड परत देत म्हणाला, "सुतार हाय, आणि बाळ गवतात? एक पाळणा करू ने व्हय?"

*

मूर्ती झाल्या, पण डिसेंबरच्या थंडीत वाळेनात. आप्पा म्हणाला, कच्च्या मातीला विस्तवावर धरून चालत नाही, तडा जातो. नुसती ऊब पाहिजे.

ऊब कॅम्पात एकाच ठिकाणी होती: इनासच्या भट्टीच्या माथ्यावर. स्वैपाकघर बंगल्यापासून लांब, मडमसाहेब तिकडं फिरकत नसे. दत्तोपंतांनी इनासला विचारलं. इनास कट्टर ख्रिस्ती माणूस; सगळं ऐकून त्यानं छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, "आईला आणि बाळाला जागा नाही म्हणणारा मी कोण? एकदा म्हटलं होतं लोकांनी, अजून बोल खातायत!"

तीन दिवस खाली केक आणि वर राजे. इनास येता-जाता मूर्ती फिरवी आणि यल्लाप्पाला सुनावे, "आता यांना हात लावशील तर तुलाच चिंचेत घालीन!"

रंगकाम झाल्यावर आम्ही मूर्ती हुंगून पाहिल्या. मातीचा वास कुठंच नव्हता. तिन्ही राजांना दालचिनीचा वास येत होता.

*

चोवीस तारखेला दोन वाजता आम्ही फळी व्हरांड्यात मांडली. आप्पानं तिथंच बसून डोळे रेखले. मूर्ती जागेवर बसल्यावरच तो तिचे डोळे उघडी. वर चादर घातली. अडीचला साहेब आणि मडमसाहेब आले. फाटकाबाहेर मुलं जमली होती; पण तीन वाजल्याशिवाय साहेब त्यांना आत घेणार नव्हता.

मडमसाहेबानं चादर उचलली.

मेरी हिरवं शहापुरी लुगडं नेसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. जोसेफच्या हातात रंधा. गाय खिलारी, लांब शिंगांची, अंगावर झूल. बाळ झोपलं होतं ते चांगल्या कातीव पायांच्या पाळण्यात. दोन राजांना कोल्हापुरी फेटे आणि मिशा. तिसऱ्या राजाला मात्र पगडी होती, चष्मा होता आणि कानावर टाक होता. दत्तोपंत रोज कामावर देखरेख करायला आप्पासमोर बसत, त्याचा हा परिणाम!

"हे माझे नाहीत," मडमसाहेब म्हणाली.

यल्लाप्पा पुढं झाला. त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत पांढरे पांढरे कण होते.

"मडमसाहेब, चूक माजी हाय. तुमचं देव मी धुतलं. ही त्यांची नाकं. एक बी हारवलं न्हाय."

दत्तोपंत इंग्रजीत तीन पानी खुलासा लिहीत असत. त्या वेळी त्यांना दोनच वाक्यं सुचली. "त्यानं ते धुतले, मॅडम. ही नाकं."

मडमसाहेब पायरीवर बसली. तोंडावर रुमाल धरला. खांदे हलू लागले. ती रडत होती की हसत होती, हे मला आजही सांगता येणार नाही, दोन्ही असावं. बऱ्याच वेळानं तिनं रुमाल काढला आणि तिसऱ्या राजाकडं बोट केलं.

"मिस्टर दत्तोपंत?"

दत्तोपंत लाजले. बत्तीस वर्षांच्या सहवासात त्यांना लाजताना मी तेवढंच पाहिलं.

साहेब मात्र वाकून पाळण्याखाली बघत होता. "हा उंदीर कशाला?"

आता आली का पंचाईत! चाळीस वर्षं गणपती केलेल्या हातानं मूर्तीच्या पायाशी उंदीर करून टाकला होता. आप्पा खाली बघू लागला. दत्तोपंत घसा साफ करू लागले. यल्लाप्पाच बोलला.

"गोठा हाय न्हवं, साहेब. वैरण हाय, दाणा हाय. उंदीर येणारच की."

भाषांतर ऐकून साहेबानं विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "आधीच्या संचात नव्हता, ती चूक होती."

तीन वाजले. फाटक उघडलं. मुलं धावत आली आणि राजांकडं ढुंकूनही न बघता उंदराभोवती जमली. ती गडबड साधून दत्तोपंतांनी हळूच विषय काढला, "सर, शिपायाच्या नेमणुकीचं..."

"सहा तारखेला," साहेब म्हणाला. "आज चोवीस आहे."

*

सहा जानेवारी. सकाळपासून पसारा आवरायचं काम चाललं होतं. सुरूचं झाड गेलं, पताका गेल्या. गोठा तेवढा राहिला. मडमसाहेबानं रिकामी पेटी आणून ठेवली, त्यात नवा भुसा भरला आणि यल्लाप्पाला मूर्ती भरायला सांगितलं.

यल्लाप्पा हलला नाही. बाबाजी आप्पाही धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन फाटकाशी येऊन उभा होता.

दत्तोपंतांच्या लक्षात आलं. ते पुटपुटले, "यल्लाप्पा, तुझे पाय धरतो. आज एक दिवस तरी सांगितलंय तेवढंच कर!"

"तुम्ही सांगा त्यास्नी, अण्णा. ह्यो कच्च्या मातीचा देव. सण झाला की पाण्यात सोडायचा. पेटीत कोंडाय येत न्हाय."

दत्तोपंतांनी भाषांतर केलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मडमसाहेबाला दोनदा विचारावं लागलं.

"मग पुढच्या वर्षी?" ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी नवं करायचं की! पाट घिऊन यायचं, आप्पाला सांगायचं. त्यात काय, मी हायच..." यल्लाप्पा एकदम थांबला. आज त्याचा शेवटचा दिवस, हे त्याला आत्ता आठवलं. मान खाली घालून तो म्हणाला, "जो कोण आसंल, त्यो सांगंल."

दत्तोपंतांनी एवढंही भाषांतर केलं. ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मडमसाहेबानं साहेबाकडं पाहिलं. साहेबानं घड्याळाकडं पाहिलं.

"किती वेळ लागतो?"

"अर्धा तास, सर."

"चला."

कॅम्पाच्या टोकाला एक लहानसं तळं होतं. पुढं यल्लाप्पा, डोक्यावर माझ्या टेबलाची फळी, फळीवर नऊ मूर्ती. मागं आप्पा, मग छत्री उघडलेली मडमसाहेब, मग साहेब, दत्तोपंत, इनास आणि मी. वाटेत परेडवरून येणाऱ्या शिपायांनी साहेबाला सलाम ठोकला. कशाला ठोकतोय हे मात्र त्यांना कळत नव्हतं. काठावर आप्पानं नारळ फोडला. इनासनं आपली प्रार्थना म्हटली. मडमसाहेबानं पाळण्याखालचा उंदीर तेवढा उचलून आपल्या बटव्यात टाकला.

यल्लाप्पा कमरेपर्यंत पाण्यात शिरला. फळी तीनदा बुडवून वर काढली आणि चौथ्यांदा तिरपी केली. राजे गेले, गाय गेली, शेवटी आई आणि बाळ गेलं. पाणी जरा वेळ हिरवं-लाल झालं. आणि मग सवयीनं, बांधावरून घालावी तशी त्यानं हाक घातली, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"काय म्हणतोय तो?" मडमसाहेबानं विचारलं.

"पुढच्या वर्षी लवकर या, अशी त्यांना विनंती करतोय, मॅडम."

साहेबाच्या कपाळाला आठी पडली.

"लवकर? नाही, नाही. पंचवीस तारखेलाच! आदल्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशी नाही." त्यानं घड्याळ खिशात टाकलं आणि वळता वळता दत्तोपंतांना म्हणाला, "आणि हा माणूस दर डिसेंबरला इथं हवा. कायम नेमणुकीचा कागद करा. उद्या अकराला माझ्या टेबलावर."

साहेब आणि मडमसाहेब चालायला लागले. यल्लाप्पा रिकामी फळी बगलेत मारून, निथळत काठावर आला.

"अण्णा, साहेब काय म्हणालं?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पुढच्या वर्षी ये म्हणाले," ते म्हणाले. "पण लवकर नको!"